हौदापासून हौदापर्यंत

माझी लेक सौदीतल्या दम्मामची. तिथेच जन्मली, तिथेच वाढली आणि बारावी झाली की शिकायला आयर्लंडला जाणार होती. तिचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, रद्द होणार होता. एकदा पासपोर्टला कायमचं निघाल्याची फायनल एक्झिट लागली की पुढे इथे यायचं ते व्हिजिट व्हिसावर, पाहुणी म्हणून. आम्हा नवराबायकोला त्यात काही विशेष वाटत नव्हतं, आम्ही पोटापाण्यासाठी आलेली माणसं. तिला मात्र फार लागलं होतं.

"तिथे कोणी विचारलं की तू वाढलीस तो देश कसा आहे, तर काय सांगू?" एकदा जेवताना ती म्हणाली. "कंपाउंड, स्कूल बस आणि मॉल? आय हॅव ओन्ली सीन इट फ्रॉम द कार, आई."

"आपला देश भारत," तिचे बाबा म्हणाले. ती गप्प बसली. तिच्या गप्प बसण्याची मला धास्ती वाटते, त्यापेक्षा भांडलेली परवडते.

चार दिवसांनी तिनेच तोड शोधून काढली. इराकहून मक्केला जाणारी यात्रेकरूंची जुनी वाट उत्तरेकडे हाईलच्या वाळवंटातून जाते. हजार-बाराशे वर्षांपूर्वी बगदादच्या एका राणीने त्या वाटेवर ठिकठिकाणी पाण्याचे हौद बांधून घेतले होते. हल्ली थंडीत हौशी मंडळी तिचा एखादा टप्पा पायी चालतात. एका हौदापासून दुसऱ्या हौदापर्यंत, दिवसभराची चाल. ही तिची इथली शेवटची थंडी होती आणि तो टप्पा तिला आपल्या पायांनी पुरा करायचा होता. "बोर्डाचं वर्ष आहे," बाबांनी कुरकुर करून पाहिली. मग त्यांच्या प्लँटवर दुरुस्तीचा शटडाऊन निघाला, त्यांना सुटी मिळेना आणि सोबतीला मी उरले.

माझं माहेर मनमाडचं. तिथे नळाला पाणी आलं की घरात लगीनघाई उडायची आणि पातेल्यांपासून पेल्यांपर्यंत सगळं भरून ठेवलं जायचं. इतकी वर्षं झाली तरी माझ्या बाथरूममध्ये दोन बादल्या कायम भरलेल्या असतात. त्यावरून बापलेक माझी थट्टा करतात. करोत बापडे. तर वाळवंटात जायचं म्हटल्यावर मी पाठीवरच्या पिशवीत इतक्या बाटल्या कोंबल्या की नाकापेक्षा मोती जड झाला.

सकाळी पहिल्या हौदापाशी पोचलो आणि मी बघतच राहिले. खाली उतरत जाणाऱ्या दगडी पायऱ्यांचा तो चौकोनी हौद कोरडा होता, तरी त्याचा एकही कोपरा ढळलेला नव्हता. शेजारी एक लहान हौद. पावसाच्या लोंढ्याचं पाणी आधी त्यात शिरायचं, गाळ तिथे बसायचा आणि निवळलेलं पाणी मोठ्या हौदात जायचं. ज्या बाईला हे सुचलं, तिला मी मनातल्या मनात नमस्कार केला. राजवाड्यात बसून वाटेवरच्या तहानेचा विचार करणारी माणसं थोडीच असतात.

आमच्या गटात सौदी बायका बऱ्याच होत्या, काही कॉलेजातल्या मुली, एक फिलिपिनो नर्स आणि आम्ही दोघी. वाटाड्या तिथलाच, पांढऱ्या दाढीचा, अंगात पायघोळ थोब आणि पायात स्पोर्ट्स शूज. ड्रायव्हर-मेकॅनिकांकडून उचललेली हिंदी तो बिनदिक्कत बोलायचा. "यल्ला, मदाम," म्हणत त्याने आम्हाला वाटेला लावलं. वाट म्हणजे काय, तर काळ्या दगडांच्या माळावरचे दगड वेचून दोन्ही कडांना रचलेले आणि मधे उंटांची रांग जाईल एवढी मोकळी पट्टी. कोणी किती दिवस वाकून ते वेचले असतील कोण जाणे! लेक पुढे चालत होती आणि वळून वळून मला काहीबाही दाखवत होती. इतकी खूश मी तिला कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती.

मी मात्र पाणी राखत होते. बाटली उघडायची, ओठ ओले करायचे, परत बंद. संध्याकाळपर्यंत पुरायला हवं ना! हवा गार, घाम दिसेना, त्यामुळे तहानही फारशी कळेना. दुपारी माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी मटकन खाली बसले.

वाटाड्याने माझी पिशवी उघडली. बाटल्या जवळजवळ सगळ्या भरलेल्या. तो आधी हसला, मग रागावला. "मदाम, पानी बोतल में फायदा नहीं. पेट में फायदा!"

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, यू आर इम्पॉसिबल! इथे कोण नळ बंद करणार होतं?"

कळतं पण वळत नाही.

बरोबरची गाडी दूरच्या रस्त्याने येत होती, ती बोलावली. वाटाड्या म्हणाला, मदामचं चालणं खलास, गाडीतून पुढच्या हौदापाशी जायचं. लेक लगेच आपली पिशवी उचलून माझ्याशेजारी उभी राहिली.

"तू चाल," मी म्हटलं.

"तुला असं सोडून?"

"गाडीत बसून काय बघणार आहेस? गाडीतून बघितलंयस की आजवर."

तरी ती हलेना. ती नर्स म्हणाली, मी थांबते तुझ्या आईबरोबर. तेव्हा कुठे लेक निघाली. मला वाटलं, चार पावलांवर तरी वळून बघेल. नाही बघितलं. पुढच्या वळणाशी मंडळी दिसेनाशी झाली तरी एकदाही नाही. मीच पाठवलं होतं, तरी मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

पुढच्या हौदात त्या वर्षीच्या पावसाचं पाणी होतं. इतक्या शतकांनंतरही राणीचा हौद आपलं काम करत होता. नर्स मला घोट घोट पाणी पाजत होती आणि मी वाटेकडे डोळे लावून बसले होते. उन्हं कलली तेव्हा माणसं दिसू लागली, सगळ्यांच्या तोंडांना रुमाल गुंडाळलेले. आई चालीवरून लेकरू ओळखते म्हणतात. मी उठून जोरात हात हलवला, तर ती दुसऱ्याच कुणाची तरी मुलगी निघाली. माझी मागून येत होती, जरा लंगडत, एका सौदी आजीचा हात धरून.

ती थेट हौदाच्या पायरीवर येऊन बसली. मीही शेजारी टेकले. "झालं पुरं?" मी विचारलं.

तिने मान हलवली आणि एकदम रडायला लागली. "मला रस्ताभर तुझीच भीती वाटत होती," ती म्हणाली. "मुद्दाम नाही बघितलं मागे. बघितलं असतं ना, तर परत आले असते."

मी तिचं डोकं कुशीत घेतलं.

"मग एअरपोर्टवरसुद्धा बघू नकोस," मी म्हटलं.

उन्हाळ्यात ती गेली. बाबांच्या आणि माझ्या पाया पडली, बॅग ढकलत आत गेली, आणि सगळी माणसं मागे वळून हात हलवत असताना माझी लेक सरळ चालत राहिली. "बघ, एकदा वळलीसुद्धा नाही," तिचे बाबा हिरमुसून म्हणाले. मला मात्र रडताना तिचा अभिमान वाटत होता.