वहिनीची टाकी

वहिनीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. माझा थोरला भाऊ पायाने अधू झाल्यापासून तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत अडकून पडला होता. त्याला धुऊन-पुसून, उशाशी जेवण झाकून ती माझ्याबरोबर रंगाच्या कारखान्यात यायची. मी फिटर, कायम. ती सांडपाण्याच्या टाकीवर, रोजंदारीने.

त्या टाकीत जिवंत गाळ असतो. डोळ्यांना न दिसणारे जीव त्यात वाढतात आणि पाण्यातलं विष खाऊन टाकतात. त्यांना हवा मात्र सतत लागते. वहिनी त्यांना ‘माझी खादाड मंडळी’ म्हणायची.

एका सकाळी रंगखात्याने पिंपं धुतलेलं जहाल पाणी एकदम सोडलं. आम्ही पोचलो तर टाकीवरचा तपकिरी फेस पांढरा पडलेला. त्यात हवा सोडणारा एक ब्लोअर पट्टा तुटून बंद. आजाऱ्याच्या पोटात काहीतरी जावं, तशी तिने उसाच्या मळीची बादली टाकीत उपडी केली. एरवी तो त्यांचा खाऊच.

केमिस्ट धावत आला. “कोणी काही घातलं नाही ना?”

“मळी घातली. मीच.”

त्याने कपाळाला हात लावला. “अहो बाई, हवा अपुरी असताना खायला घातलंत? खाता खाता उरलीसुरली हवाही संपवतील. टाकी मेली तर कारखाना बंद करावा लागेल.”

बंद म्हणजे रोजंदारीवाले आधी बाहेर. वहिनीचा चेहरा उतरला, पण आवाज उतरला नाही. “आता काय करू ते सांगा.”

केमिस्टने उपाय सांगितला: कारखान्याचं पाणी अडवायचं, हवा वाढवायची आणि पुढच्या टाकीच्या तळाशी बसलेला धडधाकट गाळ परत आणायचा. तो आणणारा पंप तुंबलेला. मग राहिल्या बादल्या.

मी ब्लोअरला नवा पट्टा चढवायला बसलो. “वहिनी, यापुढे तरी आधी श्वास घेऊ द्या, मग भरवा.”

“भावजी, तोंड चालतंय तेवढा पाना चालवा!”

गाळाची बादली काठोकाठ भरायची नसते. सांडलं की जिन्यावर पाय घसरतो. वहिनीने एकही सांडली नाही. हाताला फोड आले तेव्हा फडकं गुंडाळलं आणि पुन्हा उचलली. ब्लोअर सुरू झाला. केमिस्ट मीटरने पाण्यातली हवा मोजत होता आणि नकारार्थी मान हलवत होता. ती दर खेपेला विचारायची, “जिवंत आहेत का?”

पाळी संपली तरी ती थांबली नाही. ऊन उतरता उतरता केमिस्ट म्हणाला, “काटा हलतोय.”

दुसऱ्या दिवशी फेसावर तपकिरी छटा आली. केमिस्टने साहेबांना दोन्ही सांगितलं, मळी कोणी घातली आणि बादल्या कोणी वाहिल्या. वहिनीचं काम टिकलं.

त्या टाकीवर तिने पुढे कितीतरी वर्षं काढली. त्या कमाईतून अखेर तळमजल्यावरची खोली घेतली, दार थेट रस्त्यावर उघडणारी. भाऊ आता दारात खुर्ची टाकून बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला न मागता सल्ले देतो.