कच्च्या रंगाचे लाडू

उमरेडच्या आमच्या कोष्टीपुऱ्यात 'पक्का' या शब्दाला फार मान होता. माणूस पक्का, बोल पक्का, आणि सगळ्यांच्या वर रंग पक्का. लुगडं विरेल, फाटेल, पण काठाचा रंग उतरायचा नाही, असं आमची म्हातारी माणसं छाती काढून सांगत, आणि ते खरं होतं. त्या गल्लीत रुखमाबाई रेशमाच्या लडी रंगवायची. तिची बोटं बारा महिने पिवळी. लग्नघरी गेली की बाया म्हणायच्या, "तुले हळद कायले पाहिजे वं, तू तं जन्माचीच नवरी."

पुढे माग बंद पडले. सन बहात्तरच्या आगेमागे दोघं नवराबायको नागपुरात आली. नवरा लहानू कामठीला पावरलूमवर लागला. पहाटेच्या बसने जायचा, दिवे लागल्यावर यायचा, आणि कानात मशीन घेऊनच झोपायचा. रुखमाबाईने घरी कढई मांडली. बुंदीचे लाडू वळण्यात तिचा हात धरणारी बाई मी पाहिली नाही.

पहिल्याच कामाला तिने बाजारातून लाडूच्या रंगाची पुडी आणली होती. सगळेच आणत. बुंदी पाडून झाल्यावर तिने राखेनं हात घासले, तर नखांतलं पिवळं जाईना. ती चुलीपाशी बोटं पाहत बसून राहिली. हा पिवळा तिच्या ओळखीचा होता. पंधरा वर्षं तिने याच रंगात काठाचं रेशीम बुडवलं होतं. ती बुंदी तिने कुणाला दिली नाही. दुसरी पाडली, बिनरंगाची. तेव्हापासून तिचे लाडू फिकेच.

वस्तीतली माणसं सवयीनं घेत. पण एक दिवस गांधीबागेतल्या कापडदुकानातले बाबनराव आले. त्यांच्या मुलीचं, नीलाचं लग्न, तीनशे पान. या पंगतीत लाडू चालला तर गांधीबागेतली कामं येतील, आणि लहानूची पहाटेच्या बसमधून सुटका होईल, एवढं तिने मनाशी धरलं होतं.

बाबनरावांनी नमुन्याचा लाडू खाल्ला, उरलेला अर्धा उजेडात धरला.

"चव झकास हाय, बाई. पण हा आजारातून उठल्यासारखा काहून दिसून राहिला?"

"बेसनाचा रंग असाच असते, भाऊ."

"मंग टाका ना चिमूटभर रंग. सारं नागपूर खाऊन राहिलं. कोणी मेलं का?"

"नसन मेलं."

"अन् सरकारनं काही रंग चालवले हायेत. पेपरात होतं."

"असतीन. ते डब्यात येते, वर नाव राहते. आपल्या बाजारातली पुडी कोरी असते."

"बरं, पण पोटात हा रंग करते तरी काय?"

घाबरवायचं असतं तर हीच वेळ होती.

"ते मले माहीत नाही," रुखमाबाई म्हणाली. "डॉक्टर लोकच त्याच्यावर भांडून राहिले म्हणते. धाग्यात काय करते ते मले माहीत हाय. उद्या तुमच्या पसंतीच्या दुकानातला एक लाडू घेऊन या."

दुसऱ्या दिवशी तिने तो पिवळाधमक लाडू गरम पाण्यात कुस्करला, लिंबू पिळलं, पांढऱ्या रेशमाचा धागा टाकून उकळी आणली. दुसऱ्या भांड्यात नुसती हळद आणि दुसरा धागा. दोन्ही पिवळे निघाले. मग तिने साबण लावला. हळदीचा धागा साबणाला लाजून लाल झाला आणि धुता धुता ओसरला. लाडवातला धागा मात्र होता तसाच राहिला.

बाबनरावांनी तो हातात घेतला. तीस वर्षं गिऱ्हाइकापुढे कापड टाकणारा हात तो. त्यांनी धागा ओला केला, अंगठ्याने घासला, उजेडात ताणला आणि सवयीने, खुशीत म्हणाले, "पक्का हाय जी."

म्हणाले आणि अंगठा तिथंच थांबला.

"हो ना, भाऊ," रुखमाबाई म्हणाली. "जो साबणानं जात नाही तो पोटातून कसा जाईन, एवढंच मी इचारून राहिली."

"घरी विचारतो," म्हणून ते गेले. चार दिवस निरोप नाही. रुखमाबाईने लहानूला काही विचारू दिलं नाही. पाचव्या दिवशी नीला स्वतः आली. "बाबा ते धागे खिशात घेऊन फिरून राहिले, मावशी. साऱ्या दुकानाले दाखवून झाले. लाडू तुमचेच."

पंगतीत व्हायचं ते झालं. व्याह्यांकडचे एक म्हातारे लाडू फिरवून पाहत म्हणाले, "हे पांढरे काहून गा? रंग संपला का?"

बाबनराव धोतर सावरत पुढे झाले. 'रंग पक्का, गेला तर दुकान तुमचं' हे वाक्य ज्या तोंडाने गांधीबागेत तीस वर्षं म्हटलं, त्याच तोंडाने मोठ्यानं म्हणाले, "रंग कच्चा हाय जी. एकदम कच्चा. बिनघोर खा."

पंगत हसली. म्हाताऱ्याने लाडू फोडला, खाल्ला, आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

त्या हंगामात गांधीबागेतून सात लग्नं आली. लहानूने कामठी सोडली. आता झारा तो धरतो आणि लाडू ती वळते. तिची बोटं आता तुपानं चमकतात, नखं स्वच्छ. गिऱ्हाईक येऊन 'कच्च्या रंगाचे लाडू' मागतं. कुणी घाईत नुसतंच "दोन किलो कच्चे लाडू द्या" म्हणालं, की लहानू झारा खाली ठेवतो.

"लाडू पक्के हायेत गा," तो म्हणतो. "रंग कच्चा."