शंकरअण्णाची शाळा, नागक्काची चूल

परवा नातसुनेनं पोराच्या डब्यात जाम फासलेले पावाचे दोन तुकडे ठेवले. सुट्टी संपून शाळा उघडायचा पहिला दिवस, आणि डब्यात पाव! झालं, माझी जीभ सुटली. आमच्या घरात आता सगळे म्हणतात, "आजीला शाळेचा डबा दाखवू नका, त्यातून अख्खं निजामाचं राज्य बाहेर पडतं!"

पडू दे की. मी काय मुद्दाम जमवलेत हे किस्से? चुलीपुढं बसलेल्या बाईच्या वाट्याला दोनच गोष्टी येतात, धूर आणि किस्से. धूर धुराड्यातून जातो तरी. किस्से राहतात, आणि एक काढला की मागचा दुसरा त्याला ढकलायला तयारच असतो.

आमचं गाव मेहकर, भालकीजवळचं छोटं मेहकर. गावात चार बुकांपलीकडं शाळा नव्हती, म्हणून मोठी पोरं भालकीला खोली करून राहायची आणि उर्दू शाळेत शिकायची. सरकारी अमरदाद महिना, म्हणजे साधारण आपला जून, लागला की शाळा उघडायची. त्याआधी आठवडाभर आमच्या अंगणात चूल पेटायची आणि गल्लीतल्या बाया आपापलं पीठ घेऊन यायच्या. पोरांना न्याहारीला, मधल्या सुट्टीला पुरेल असं सगळं तिथं व्हायचं. धपाटे, चुरमुऱ्याचा चिवडा, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी. कडक भाकरी म्हणजे ज्वारीची पातळ भाकरी विस्तवाशी उभी करून पापडासारखी वाळवायची. महिना महिना टिकते.

चुलीची मालकीण आमची आत्या, नागक्का. आई आमची लवकर गेली. घरात अप्पा, नागक्का, थोरला भाऊ शंकरअण्णा आणि मी. शंकरअण्णाला शाळेत जायचं नव्हतं, त्याला दरसाल ढकलून पाठवायचे. मला शाळेत जायचं होतं, आणि मी दरसाल त्याचे धपाटे थापायची. देवाचा न्याय बघा!

*

पहिल्या वर्षी अप्पा अण्णाला गाडीतून भालकीला घेऊन गेले. खोलीत सामान लावलं, मास्तरांच्या पाया पडायला लावलं, पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. परतीला बैल दमले म्हणून वाटेत एका मळ्यात मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी दुपारी डोळे पुसत पुसत घरी आले. पोरगं परक्या गावात एकटं राहिलं, म्हणून अप्पांना रडू येत होतं.

ओसरीवर शंकरअण्णा मांडी घालून चुरमुऱ्याचा सुसला खात बसला होता.

"अप्पा," तो म्हणाला, "लई उशीर केलात!"

आडवाटेनं चालत तो अप्पांच्या आधी पोचला होता.  नागक्कानं विचारलं, "कामून आलास रं माघारी?"

"शिदोरी संपली."

"म्हैन्याची शिदोरी एका दिसात?"

"गफूर बी हुता की संगट!"

गफूर म्हणजे शेजारच्या खैरूनखालाचा मुलगा. तो त्याच वेळी भिंतीपलीकडं त्याच्या आईला सांगत होता, "शंकर भी था ना अम्मा!"

*

दोघांना दोन-दोन रपाटे घालून परत पाठवलं. मग तख्तीचा प्रकार झाला.

तेव्हा पोरं लाकडी तख्तीवर लिहायची. अण्णानं आपली तख्ती कुणाच्या तरी डोक्यात घालून मोडली. नवी मागायची तर अप्पांना कारण सांगावं लागणार. शेवटी गड्यानं शिदोरीतली सगळ्यात मोठी कडक भाकरी काढली, कोळशाचा तुकडा घेतला आणि वर्गात भाकरीवर हिशेब मांडला. मागच्या रांगेत बसल्यामुळं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

हिशेबाचे मास्तर तपासत तपासत मागं आले. शंकरअण्णाचे हात रिकामे, आणि तोंड भरलेलं.

"तेरी तख्ती किधर है रे?"

"खा लिया साब."

 मास्तर माणूस भला असावा. त्यांनी छडी खाली ठेवली आणि विचारलं, "काइकू खाया?"

"जवाब गलत था साब."

ही बातमी गफूरनं मेहकरला आणली. अप्पा संतापले. मला वाटलं, आता नागक्काही पेटणार. पण नागक्काची मान ताठ! गल्लीतल्या प्रत्येक बाईला थांबवून सांगायला लागली, "माज्या हातची भाकर, बाई! लिवलं तरी मोडली न्हाई. हाय का हुनर कुनाच्या हातात?"

*

आता चुलीचा किस्सा. आमच्या चुलीशेजारी खैरूनखालाची चूल असायची, मध्ये एक दगड. पीठ वेगळं, तवा वेगळा, पाणी वेगळं. दोघी दिवसभर एकमेकींशी बोलायच्या, गल्लीतल्या सुनांना नावं ठेवायच्या, पण एकीच्या कालथ्याचा दुसरीच्या तव्याला स्पर्श होऊ द्यायच्या नाहीत. नागक्काचा सोवळेपणा मोठा, आणि खालाचाही काही कमी नव्हता. तिला आमच्या पाण्याची शंका, हिला तिच्या तुपाची. गाठोड्यांचं फडकंसुद्धा वेगळ्या रंगाचं. हे सगळं एवढ्या निष्ठेनं सांभाळून दोन्ही गाठोडी एकाच गाडीत, एकावर एक टाकून पाठवायच्या!

एकदा अप्पा बाजाराच्या निमित्तानं भालकीला गेले आणि न सांगता खोलीवर डोकावले. पोरांनी सगळ्या घरांच्या शिदोऱ्या एका परातीत ओतल्या होत्या. आमची चटणी, खालाच्या गोड टिक्या, लिंगायताच्या पोराची शेंगापोळी, सगळ्याचा काला. परातीभोवती डोकी नुसती एकमेकांवर आपटत होती. अप्पा बघत राहिले. मग पोरांनी सरकून जागा केली आणि अप्पा पण बसले. हे मला अण्णानं मागाहून सांगितलं.

घरी आल्यावर नागक्कानं पहिला प्रश्न हाच केला, "पोरं आपापलं येगळं खात्यात न्हव?"

"व्हय व्हय," अप्पा टोपी काढत म्हणाले. "लई येगळं. खाताना कुनी कुनाशी बोलत बी न्हाई!"

*

नागक्का उपासाला मात्र हळवी. एकादशीला पोरगं परगावी उपाशी राहू नये म्हणून ती शेंगदाण्याचे लाडू करून येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीबरोबर पाठवायची. शंकरअण्णाला याचा सुगावा लागायचाच अवकाश! दर गाडीवाल्याबरोबर निरोप यायला लागला, "परवा एकादशी हाय, लाडू धाडा."

दोनतीन वेळा नागक्कानं धाडले. मग तिनं गाडीवाल्यालाच धरलं. "का रं, भालकीत चंद्र येगळा उगवायलाय व्हय?"

तेवढ्यात रमजान आला. शाळा सकाळची झाली, आणि अण्णानं गफूरबरोबर रोजे धरायला सुरुवात केली. खरं म्हणजे त्यानं फक्त पहाटेचं आणि सांजेचं खाणं धरलं, मधलं धरलं नाही. गफूर दिवसभर खरंच उपाशी. खैरूनखाला मात्र कौतुकानं दोघांसाठी खजूर पाठवायची. वर आमच्या खऱ्या एकादशीचे लाडू चालूच.

सुट्टीत अण्णा घरी आला तेव्हा अंगरखा पोटावर बसेना. नागक्कानं त्याला दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिलं.

"लोक उपासानं वाळत्यात," ती म्हणाली, "ह्याला उपासानं बाळसं धरलंय!"

*

त्या सुट्टीत माझा आणि अण्णाचा एक गुपचूप सौदा झाला. त्याला सुट्टीत करायला इमला, म्हणजे उर्दूचं शुद्धलेखन, आणि हिशेब दिले होते. मला बाकीच्या बायांबरोबर शिदोरीच्या भाकरी थापायच्या होत्या. त्याची बुकं चोरून बघत मी कधीच लिहायला शिकले होते. आणि खोलीवर राहून राहून तो रांधायला शिकला होता. रांधताना त्याचा चेहरा खुलायचा. बुक हातात घेतलं की तोच चेहरा सुतकी व्हायचा.

दुपारी बाया घरी गेल्या आणि नागक्का पडली की मी माळवदावर जाऊन त्याचा इमला लिहायची, आणि तो खाली माझ्या भाकरी थापायचा. काय सुख होतं त्या दुपारींत, सांगता येत नाही. बोरूची करकर ऐकली की माझ्या अंगावर काटा यायचा.

एके दुपारी नागक्का उठून चुलीशी आली. एक भाकरी उचलली, उजेडात धरली, बोटानं काठ चाचपला. मग माझ्याकडं रोखून बघितलं.

"का ग, आज तुज्या भाकरीला असा गोल काठ कसा काय आला?"

 शाळा उघडल्यावर तिकडं मास्तरांनी अण्णाची वही उघडली आणि तसंच रोखून बघितलं.

"क्यों रे, इस बार तेरा इमला सही कैसा आया?"

 नागक्का मला यावर पुढं एक शब्द बोलली नाही. पण तेव्हापासून दुपारी ती जरा जास्त वेळ पडायला लागली.

*

भालकीत एक मास्तरीणबाई होत्या. त्यांच्या घरी मुलींचा वर्ग भरायचा. त्या एका लग्नाला मेहकरला आल्या, आमच्याकडं जेवल्या, आणि अण्णाच्या बुकातला एक धडा माझ्याकडून वाचून घेतला. अप्पांना म्हणाल्या, "हिला माझ्याकडे पाठवा. माझ्याच घरी राहील."

अप्पा म्हणाले, "बघू."

अप्पांचं 'बघू' गावात प्रसिद्ध होतं. देवळाच्या कळसाला ते एकदा 'बघू' म्हणाले होते. माझ्या जन्माआधीची गोष्ट, आणि देऊळ अजून बोडकंच होतं!

मी चुलीमागं जाऊन रडले. धुरानं डोळे आले, असं सांगितलं. मला वाटलं, आता जन्मभर मी दुसऱ्यांच्या शाळेच्या शिदोऱ्याच बांधणार. पलीकडच्या घरातली एक बाई समजूत घालायला लागली, "पोरीच्या जातीला कामून पायजे ग शाळा? घरात हात पायजेत."  नागक्का शेंगा भाजत होती.

*

पुढच्या साली पुन्हा अमरदाद आला, पुन्हा चूल पेटली. अण्णा मागच्या इयत्तेत दुसऱ्यांदा बसणार होता. ओठावर मिसरूड फुटलेलं, आणि शेजारी बसणार होती दुधाच्या दातांची पोरं.

नागक्कानं शिदोरी बांधायला घेतली. मी बघत होते. तिनं कारळाची चटणी घातली, चांगली गाडगंभर. मी म्हटलं, "नागक्का, अण्णा कारळाला शिवत बी न्हाई. ती मलाच आवडती."

"तू पीठ चाळ," नागक्का म्हणाली.

सकाळी गाडी जुंपली. गफूर आधीच चढून बसला. शिदोरी गाडीत गेली, वळकटी गेली. अप्पांनी कासरा धरला आणि हाक मारली, "शंकऱ्या, चल!"

शंकऱ्या आत चुलीपुढं बसला होता. तिथूनच ओरडला, "म्या न्हाई जायचो!"

अप्पांनी आधी दरडावलं, मग चुचकारलं, मग कुळाची आठवण करून दिली. अण्णा उठेना. गल्ली गोळा झाली. खैरूनखाला भिंतीवरून म्हणाली, "नक्को बोलतै तो छोड दो भाई, बैल कब तक खडे रहते?"

शेवटी अप्पा थकले. कासरा टाकला. "मरू दे. उतरवा ती शिदोरी."

"हात लावू नगा!" नागक्का गाडीला आडवी झाली. "बांधलेली शिदोरी गाडीत चढली की उतरत नसती. आपल्या घरात आजवर उतरली न्हाई. अवदसा आत घ्यायचीय व्हय?"

आता हे आमच्याकडं खरंच पाळतात. एकदा बांधलेली शिदोरी प्रवासालाच गेली पाहिजे. जमलेल्या सगळ्या बायांनी माना हलवल्या. अप्पा पेचात पडले.

"मंग काय निस्ती शिदोरी धाडू शाळेत?"

"निस्ती कामून?" नागक्का म्हणाली, आणि माझ्याकडं वळली. "बघत काय ऱ्हायलीस? मास्तरीणबाईंनी बोलावलंय न्हव? चढ."

 कुणी नको म्हणायच्या आत मी चाकावर पाय देऊन वर गेले. गफूरनं सरकून जागा केली. अप्पा एकदा माझ्याकडं, एकदा नागक्काकडं बघत होते. नागक्का आकाशाकडं बघत होती. 

अप्पांनी कासरा पुन्हा उचलला. मग थांबले. मी शिदोरीचं गाठोडं मांडीवर घट्ट धरलं.

"ते समदं खरं," अप्पा म्हणाले. "पन ही गेल्यावर घरात भाकरी कोन थापनार?"

आतून थापण्याचा आवाज येत होता, तो थांबला. शंकरअण्णा पिठाचे हात घेऊन दारात आला.

"अप्पा," त्यानं विचारलं, "तुमाला मऊ पायजे का कडक?"