हिंगाच्या डब्यामागची पुडी

धाकट्या बहिणीच्या स्वयंपाकघरात हिंगाच्या डब्यामागे मला ती पुडी सापडली. सापडली म्हणजे मी शोधतच होते, खोटं कशाला सांगू? तिचा नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं. नायगावची चाळ पाडायला घेतल्यापासून ती भाड्याच्या खोलीत एकटी राहायची. अलीकडे फोन केला की 'नंतर बोलते' म्हणायची, आणि दर रविवारी सकाळी कुठेतरी गायब. लोणचं सोडलेलं, दही सोडलेलं. विचारलं तर म्हणे, 'वर्गाचा नियम आहे.' कसला वर्ग, ते मात्र सांगायची नाही.

ती भाजी आणायला खाली गेली तेवढ्यात मी पुडी उघडली. लालसर, भरड सालीचा चुरा. परळच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझी अर्धी हयात गेली आहे. ही दालचिनी नव्हती, अर्जुनाची सालही नव्हती. चिमूटभर रुमालात बांधून घेतली.

दुसऱ्या दिवशी आमच्या विभागातल्या सरांनी ती भिंगाखाली धरली. "नुसत्या चुऱ्यावरून झाड सांगणार नाही मी," ते म्हणाले. "तुमच्या बहिणीला दिलीय कशासाठी?"

मी वर्गाचं, पथ्याचं सांगितलं. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"ट्रिप्टामाइन नावाचं रसायनांचं एक कुळ आहे. काही झाडांच्या सालीत सापडतं, शेणावर उगवणाऱ्या काही अळंब्यांत, परदेशातल्या एका बेडकाच्या कातडीतसुद्धा. त्यातली काही पोटात गेली की माणसाला नसलेलं दिसायला लागतं. काही ठिकाणी दोन वनस्पती एकत्र उकळून पाजतात आणि आधी असंच पथ्य पाळायला लावतात. आपल्याकडे कायद्यानं बंदी आहे. ती कुठल्या गोळ्या घेते का?"

नवरा गेल्यापासून ती डिप्रेशनच्या गोळ्यांवर होती.

"मग त्या गोळ्यांबरोबर हे जिवावर बेतू शकतं," सर म्हणाले.

संध्याकाळी थेट तिच्या दारात जाऊन उभी राहिले. पुडीचं नाव काढताच ती भडकली.

"ताई, तू माझं किचन चेक केलंस?"

"केलं. गोळ्या घेतेस ना?"

ती हळूच म्हणाली, "वर्गातल्या बाईंनी बंद करायला सांगितल्या. बारा दिवस झाले. या रविवारी ते प्यायला देणार आहेत."

रविवारी मी तिच्यासोबत गेले. लोअर परळच्या एका टॉवरमधला फ्लॅट, जमिनीवर गाद्या आणि प्रत्येक गादीशेजारी प्लास्टिकची बादली. पांढऱ्या साडीतली बाई हसून म्हणाली, "या ना. सगळं नैसर्गिक आहे."

"धोतराही नैसर्गिकच असतो," मी म्हटलं. "या बादल्या कशाला?"

"उलटी होते. शुद्धीकरण असतं ते."

"आणि शुद्धच हरपली तर? डॉक्टर कोण आहे इथे?"

बाईचं हसू तसंच राहिलं, फक्त तिनं माझ्याकडे बघणं सोडलं आणि बहिणीला म्हणाली, "तुमची तयारी झालेली दिसत नाही."

मी बहिणीचा हात धरून बाहेर पडले. लिफ्टमध्ये ती रडायला लागली. "हे एकदा दिसतील म्हणाल्या होत्या गं त्या. फक्त एकदा."

तशीच तिला डॉक्टरांकडे नेली. गोळ्या परस्पर बंद केल्याबद्दल ते आम्हा दोघींवर रागावले आणि त्या पुन्हा सुरू करून दिल्या. पोलिसांत मी लेखी तक्रार दिली, पण ते पोचले तेव्हा फ्लॅटला कुलूप होतं.

बहीण दोन महिने माझ्याशी बोलली नाही. आता येते, जेवते, लोणचंही खाते. तरी तिच्या घरी गेले की माझी नजर आधी डब्यांवर जाते. तिच्या ते लक्षात येतं. एकदा स्वतःच सगळी झाकणं उघडून म्हणाली, "बघ एकदाचं." मी बघितलं.

परवा भाजी निवडताना मध्येच म्हणाली, "ताई, त्या वर्गातल्या बाकीच्यांना खरंच काही दिसलं असेल का गं? तुझ्या सरांना विचार ना."

"विचारते," मी म्हटलं. अजून विचारलेलं नाही. तिला हे कशासाठी हवंय, ते मला आधी कळायला हवं.