जामीन ठेवलेली लेक

बाई कुणाच्या दारात आल्या की आधी हाताला धरलेली लेक उंबऱ्याच्या आत सरकवायच्या. स्वतः बाहेरच उभ्या. मग म्हणायच्या, "ही ठेवून घ्या. तुमची द्या."

खेळाच्या बाई तुमच्याही शाळेत असतील. पदर कमरेला खोचलेला, गळ्यात शिट्टी, साडीखाली कॅनव्हासचे बूट. आमच्या वस्तीजवळच्या हायस्कुलातल्या बाई दिसायला अशाच. पोरींना खो-खो शिकवायच्या. मैदान आमच्या घराच्या मागंच होतं. त्यांनी तिकडं "उठ" म्हणून आवाज दिला की इकडं शिलाई मशीनवरचा माझा पाय थांबायचा. मी कोण, मला कशाला उठायचंय, हे नंतर ध्यानात यायचं.

आता मैदानावर खेळायला कुणाची ना नव्हती. अडायचं ते गाव बदललं की. सामने जालन्याला, परभणीला, नांदेडला. मुक्काम तिथल्या एखाद्या शाळेच्या वर्गात, सतरंजीवर. आमच्या वस्तीत पोरगी परक्या गावी झोपायला गेली असं कुणी ऐकलंच नव्हतं. पंचवीस-तीस वर्षांमागची गोष्ट सांगतेय मी. आत्ताच्या पोरींना हे खोटं वाटेल.

माझी मंगल तेव्हा नववीत. खुंटापाशी अशी हुलकावणी द्यायची की पाठलाग करणारी पोरगी पुढं आणि ही मागं. जालन्याच्या सामन्यासाठी बाई आमच्याकडं आल्या तेव्हा हे कंपनीतून नुकतेच आलेले, बशीत चहा ओतून बसले होते.

"खेळ-बिळ इथं," हे म्हणाले. "मुक्काम नाय."

"बरोबर आहे, भाऊ," बाई म्हणाल्या. आणि लेकीला आत सरकवलं.

पमी तिचं नाव. दुसरीत असेल. खांद्याला कापडी पिशवी, त्यात एक फ्रॉक, दात घासायचा ब्रश आणि रिबनी. तिचे वडील पैठणला नोकरीला, शनिवारी यायचे, घरात दुसरं माणूस नाही.

"मंगल परत येईस्तोवर ही इथं राहील," बाई म्हणाल्या.

"ही काय जामीन व्हय?"

"व्हय भाऊ, जामीनच."

"अहो, असं आपलं लेकरू कुणाच्या बी घरी ठेवतेत का, बाई?"

"तुमचं लेकरू माझ्या हाती देताना तुम्हाला जे होतंय, ते मलाही व्हावं म्हणून ठेवते."

आमचे हे कंपनीत सुपरवायझरला तोंडावर बोलणारे. पण त्या दिवशी बशीवर नुसती फुंकर घालत बसले. चहा केव्हाच गार झाला होता. मग त्यांनी पमीकडं पाहिलं. तिनं माझा बटणांचा डबा उघडून रंगांच्या ओळी मांडायला घेतल्या होत्या.

"जेवली का तू?" ह्यांनी विचारलं.

बाईंनी ते ऐकलं आणि मंगलला म्हणाल्या, "चल, बूट घाल."

पुढं हे सगळ्या वस्तीला ठाऊक झालं. संघात डझनभर पोरी आणि पमी एकच, मग ती कुणाकडं? तर ज्या घरात नन्नाचा पाढा सगळ्यात लांब, त्या घरी. म्हणजे पमी घरात असणं हे हट्टीपणाचं सर्टिफिकेट झालं. नळावर बायका विचारायच्या, "औंदा पमी कुणाकडं?" आणि ज्या घराचं नाव निघेल त्याला हसायच्या. एक बाप तर बाई गल्लीच्या तोंडाशी दिसल्याबरोबर दारातूनच म्हणाला, "न्या बाई, न्या. माझी ना नाय. ती जामीन तेवढी दुसरीकडं बघा."

पमी मात्र शाळेत शिकली नसेल एवढं त्या घरांत शिकली. आमच्या गावालगतच्या सातारा डोंगराखाली एका धनगराच्या घरी राहून आली ती शेळीची धार काढायला शिकून. पलीकडच्या आळीतल्या बौद्ध घरी राहिली, तर सोमवारी हेडमास्तरांना नमस्ते न म्हणता "जयभीम सर" म्हणाली. हेडमास्तर चांगले, त्यांनीही हात जोडून जयभीम केला. शहागंजच्या एका घरात पोरीचे अब्बा म्हणाले होते, "बाई, हमारे में बेटी को इत्ती दूर नै भेजते." मग पमीनं त्या अब्बांच्या म्हाताऱ्या आईच्या कुशीत दोन रात्री काढल्या. घरी आल्यावर बाई पोळी वाढायला लागल्या, तर ही ताटावर हात आडवा धरून म्हणते, "नक्को, बस हुआ."

बाई हे सांगून हसायच्या. डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

पण बोलणारेही होते. स्वतःचं लेकरू दारोदार ठेवते, ही कसली आई, असं नळावरच बोललं जायचं, आणि ते बाईंच्या कानावर जायचंच. त्या नुसती शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळायच्या आणि सोडायच्या, गुंडाळायच्या आणि सोडायच्या.

आता मला जे सांगायचंय ते त्या जालन्याच्या वेळचंच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पमी आमच्या पायरीवर बसली होती. तिथून गल्लीचा कोपरा दिसतो. मी तिच्याजवळ काज-बटण करत बसले होते.

"काकू, हरल्या तर आज येणार ना?"

"व्हय. जिंकल्या तर उद्या."

"मी देवाला सांगितलंय, हरू दे म्हणून."

माझी सुई तिथंच थांबली. तिकडं माझी मंगल खेळत होती. आठ दिवस गुडघे फोडून घेतले होते तिनं ह्या सामन्यासाठी. आणि इकडं हे एवढंसं लेकरू माझ्याच पायरीवर बसून तिच्या हरण्याचा नवस करत होतं. रागवायचं तरी कुणावर?

मी म्हणाले, "उशीर होतोय ना, म्हणजे जिंकतायत बघ."

ती रडली नाही. गालाला हात लावून कोपऱ्याकडं बघत राहिली. दिवे लागल्यावर आपणच उठून आत आली. माझं ते वाक्य तिनं उचललं मात्र. पुढं ज्या घरी राहील तिथल्या आईलाच ती समजूत घालायची म्हणे, "काकू, उशीर होतोय म्हणजे जिंकतायत."

त्या वेळी पोरी खरंच ढाल घेऊन आल्या. मंगलचं तोंड उन्हानं काळं आणि हसून हसून गाल दुखलेले. बाई पमीला न्यायला आल्या. पोरी अंगणात ढालीशी खेळत होत्या, तेवढ्यात मी चहा टाकता टाकता बाईंना नवसाचं सांगून टाकलं. मला वाटलं त्यांना लागेल.

बाईंची दोरी बोटाला गुंडाळलेली तशीच राहिली.

"वहिनी, खरं सांगू? पोरी हरायला लागल्या ना, की आधी माझ्याही मनात येतं, चला, आज पमीकडं जायला मिळेल. मग पोरींची तोंडं दिसतात, आणि माझी मलाच लाज वाटते."

"मग सांगा की तिला."

"नको. एकदा कळलं की आई पण हरायला बघते, तर मला सोडायचीच नाही ती." कपबशी खाली ठेवून म्हणाल्या, "आणि मलाही मग जाववणार नाही."

मी सांगितलं नाही. कुणालाच नाही. ह्यांनाही नाही.

पमी आठवीत गेली आणि स्वतःच संघात आली. तेव्हा बाई एका दुपारी माझ्याकडं आल्या, एकट्या. "वहिनी, एक घर अडलंय. आणि माझ्याकडं आता ठेवायला काही उरलं नाही."

मी मशीनला झाकण घातलं. पिशवीत लुगडं आणि कंगवा टाकला आणि त्या घरी जाऊन सांगितलं, "मला ठेवून घ्या. पोरीला जाऊ द्या." पोरीचा बाप माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघत म्हणाला, "एवढी मोठी जामीन पहिल्यांदाच बघतोय." पोरगी गेली. दोन दिवसांत मी त्या घरातल्या सगळ्या फाटक्या परकरांना आणि उशांच्या अभ्र्यांना टाके घालून दिले. तिसऱ्या दिवशी त्या घरची बाई मला सोडायला तयार नव्हती.

मग दिवस कुठं गेले कळलं नाही. मंगल लासूर स्टेशनला दिली, तिची पोरगी आता कराटे खेळते आणि कुणाला विचारत नाही. पमी लग्न होऊन पुण्याला गेली. बाई रिटायर झाल्या. संध्याकाळी आमच्या गल्लीवरून फिरायला जायच्या. गळ्यात शिट्टी नसायची, पण बोट पदराच्या काठाशी तसंच गुंडाळत-सोडत चाललेलं असायचं.

ह्या हिवाळ्यात बाई गेल्या. फार दुखणं नाही काही नाही, झोपेतच.

पैठणला अस्थी सोडून पमी परत आली ती स्वतःच्या माहेरी गेली नाही. वडील आधीच गेलेले, तिथं कुलूपच होतं म्हणा. तिन्हीसांजेच्या आधी आमच्या दारात उभी. खांद्याला पिशवी, केसांत दोन-चार पांढरे.

"काकू, दोन दिवस ठेवून घेता का?"

ह्यांना आता नीट ऐकू येत नाही. पण खाटेवरून मान वर करून बघितलं आणि विचारलं, "जेवली का तू?"

तिनं भाकरी खाल्ली. मग पायरीवर जाऊन बसली, गालाला हात लावून. मीही जाऊन तिच्याजवळ टेकले. आणि मला वाटलं, आता कुणाची बंदी राहिलीय? मी तिला सांगून टाकलं. पोरी हरायला लागल्या की तुझ्या आईच्या मनात आधी काय यायचं ते.

पमी मग हसली. चार दिवसांत पहिल्यांदा हसली असेल.

"आणि तरी दर वेळी जिंकून यायची," ती म्हणाली.

गल्लीतले दिवे लागले. गार वारं सुटलं. मी गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हटलं, "चल गं आत."

ती कोपऱ्याकडं बघत होती.

"थांबा ना काकू," म्हणाली. "उशीर होतोय म्हणजे जिंकतायत."