मास्क होता, इरलं नव्हतं

मंडळी, पासष्टी उलटल्यावर आज पहिल्यांदा पेंटबॉल, म्हणजे बंदुकीतून रंगाच्या गोळ्या मारायचा खेळ, खेळलो. नातवाचा हट्ट, दुसरं काय.

चौक गावाजवळच्या एका मैदानावर शिकवणाऱ्या बाईंनी आधीच बजावलं, "काका, कितीही घाम आला तरी मास्क काढायचा नाय. डोळा जाईल."

मला सत्तर सालच्या आसपासची आमची दहिवली आठवली. आम्ही पोरं बांबूच्या नळीतून कच्ची हिरवी फळं एकमेकांवर उडवायचो. मास्क कुठला? भातलावणीत आई पावसासाठी पाठीवर घ्यायची ते इरलं ताई उचलायची आणि माझ्यापुढे बसायची. "माज्या मागं ऱ्हा रं." फळं इरल्याच्या पानांवर ताडताड वाजायची, मी खुशाल नेम धरायचो.

आज पहिली गोळी सुटली तेव्हा झाडाआड जायचं सोडून मी ताईची पाठ शोधत होतो.

ताई आता मोहोपाड्याला लेकीकडे असते, अंथरुणावर. घरी येऊन तिला फोनवर सगळं सांगितलं. दोनदा विचारलं तिनं, "लागलं नाय ना?"

मग म्हणाली, "पन तुज्या पुढं कोन होतं रं?"

तुम्ही काय सांगितलं असतं?