कानांची सवय

नीळकंठराव दाणी मूळचे उज्जैनचे. पिपलानीच्या कारखाना-वसाहतीत राहून तिथल्या कारखान्याच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये त्यांनी सगळी नोकरी केली आणि फोरमन म्हणून निवृत्त झाले. जाड पत्रे, ग्राइंडर, घणाचे घाव, यांत त्यांचा दिवस जायचा. कानात कापूस घालणं त्यांना कमीपणाचं वाटे. मुलगी कल्पना पुढे त्याच कारखान्यात इंजिनियर झाली, क्वार्टर तिच्या नावावर झालं आणि ते, त्यांच्या पत्नी सिंधूताई आणि कल्पना तिघं तिथेच राहिले. मी समोरच्या ओळीत राहत होते. पुढचं बरंचसं मी पाहिलेलं आहे, उरलेलं सिंधूताईंनी सांगितलं.

कान एकदम गेले नाहीत. आधी दाराची घंटा गेली, मग कुकरची शिट्टी, मग बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज. पुरुषांचं बोलणं ऐकू येई, पण शब्द एकमेकांत मिसळून. हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, असं नीळकंठरावांचं म्हणणं होतं. त्यांच्या टीव्हीवरच्या बातम्या मात्र आम्हाला घरबसल्या ऐकायला मिळत.

संध्याकाळी सेक्टरच्या बागेत निवृत्त मंडळी जमत. त्यांत भालचंद्र पुराणिक हे नीळकंठरावांचे जुने स्नेही. ते त्याच कारखान्याच्या स्टोअर्समध्ये होते आणि चेहऱ्यावरची रेषा न हलवता विनोद सांगण्याबद्दल प्रसिद्ध होते. एका संध्याकाळी भालचंद्र काहीतरी सांगायला लागले. नीळकंठरावांना त्यातलं ‘ग्वाल्हेर’ आणि ‘भाऊ’ एवढंच कळलं. नेहमीसारखा किस्सा असणार, असं समजून ते मोठ्याने हसले आणि भालचंद्रांच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, “वा, छान झालं.” कुणीच हसलं नाही. भालचंद्रांचा धाकटा भाऊ ग्वाल्हेरला वारला होता. घरी येताना कुणीतरी नीळकंठरावांच्या कानाशी तोंड नेऊन हे सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून नीळकंठरावांनी बागेत जाणं बंद केलं. घरी कारण गुडघ्यांचं दिलं. माफी मागायची तर कान गेल्याचं कबूल करावं लागलं असतं, ते त्यांच्याच्याने होईना. बागेत लोकांनी आपापसात ठरवून टाकलं की दाणी बाबू सठिया गए, म्हणजे म्हातारपणाने त्यांची बुद्धी चळली. घरातही ते विचारलेल्या प्रश्नाला भलतंच उत्तर देऊ लागले, तेव्हा कल्पनाला त्यांच्या स्मरणशक्तीची काळजी वाटली आणि ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. स्मरणशक्ती ठीक निघाली. कान तपासले, दोन्ही कानांची मशीनं घेतली. नीळकंठरावांनी ती घरी लावून पाहिली. पंखा घरघरू लागला, वर्तमानपत्र पत्र्यासारखं वाजलं, स्वतःचं चावणं डोक्यात घुमलं. त्यांनी मशीनं काढून डबीत ठेवली आणि डबी ड्रॉवरमध्ये.

त्यांचे कान म्हणजे मग सिंधूताईच झाल्या. फोन त्या घेत, दूधवाल्याशी त्या बोलत, पाहुण्यांचं प्रत्येक वाक्य त्या मोठ्याने पुन्हा म्हणत. सकाळी शेजारच्या शालिनीबरोबर त्या लांबवर फिरायला जायच्या, तेही सुटलं, कारण दारावर कुणी आलं तर घरात ऐकायला कोण? बसून बसून त्यांचे पाय आखडले. उठताना भिंतीचा आधार लागू लागला. ओरडून बोलायची सवय एवढी लागली की सिंधू सारखी रागावलेली असते, असं नातेवाईक म्हणत.

दिवाळीनंतरची गोष्ट. कल्पना कामावर गेली होती. सिंधूताई न्हाणीघरात ओल्या फरशीवर घसरून पडल्या. त्यांना उठता येईना. त्यांनी हाका मारल्या, बादलीवर तांब्या आपटला. नीळकंठराव पुढच्या व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होते. मागच्या ओळीतल्या तिवारी भाभी अंगणात कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी हाका ऐकल्या आणि त्या घराला वळसा घालून पुढे आल्या.

“भाईसाब, भाभीजी कब से आवाज दे रही हैं,” त्या म्हणाल्या.

नीळकंठरावांनी चष्मा काढला आणि हसून त्यांना खुर्ची दाखवली. शेवटी भाभी त्यांचा हात धरून त्यांना आत घेऊन गेल्या.

मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन करायचं ठरलं. हॉस्पिटलात सिंधूताई पलंगावर पडून काहीतरी हळू आवाजात म्हणाल्या. नीळकंठरावांनी वाकून विचारलं, “काय म्हणालीस?”

इतकी वर्षं प्रत्येक वाक्य दोनदा म्हणणाऱ्या सिंधूताईंनी या वेळी तोंड भिंतीकडे वळवलं. थोड्या वेळाने कल्पना आली, तिने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “पाणी मागितलं होतं.”

ऑपरेशन नीट झालं. त्यानंतर नीळकंठरावांनी ड्रॉवरमधली डबी काढली आणि कुणाला न सांगता सिटी बसने जाऊन कान तपासणाऱ्या बाईंची गाठ घेतली. बाईंनी त्यांना समजावलं की आवाज ओळखायची सवय डोक्याची असते आणि ती मोडली आहे. मशीन रोज लावायचं. आधी शांत खोलीत, एकाच माणसाशी समोरासमोर बोलताना. मग हळूहळू वेळ वाढवायचा. महिने लागतील, कंटाळा येईल, पण काढून ठेवायचं नाही.

सिंधूताई वॉकर घेऊन घरी आल्या. त्यांनाही रोजचा व्यायाम नेमून दिला होता: खुर्चीतून हात न टेकता उठायचं, ओट्याला धरून टाचा उचलायच्या, घरातल्या घरात फेऱ्या घालायच्या. जेवणात डाळ आणि दूध वाढवायला सांगितलं होतं. नीळकंठराव गोविंदपुऱ्यातल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये गेले आणि पाइपचे कठडे करवून आणले. न्हाणीघरात आणि संडासात ते त्यांनी स्वतः उभं राहून बसवून घेतले.

सकाळचं काम मग दोघांचं एकत्र चाले. व्यायाम झाला की सिंधूताई दारं लावून वर्तमानपत्र वाचत, साध्या आवाजात, आणि नीळकंठराव ऐकलेली ओळ परत म्हणत. पुष्कळदा भलतंच म्हणत. सिंधूताईंनाही हळू बोलायला नव्याने शिकावं लागलं. एकदा बाहेर रस्ता खोदत होते. नीळकंठराव वैतागले, मशीनं काढून त्यांनी टेबलावर टाकली आणि आपल्याला हे जमणार नाही म्हणाले. सिंधूताईंनी ती उचलून त्यांच्या हातात दिली.

“अहो, मी दुखत असताना उठते ना रोज?” त्या म्हणाल्या. “मग तुम्हीही लावा.”

सिंधूताई हे बोलल्या ते त्यांनी मशीन लावल्यावर की त्याआधीच, म्हणजे त्यांना ते ऐकू आलं की नाही, हे मला माहीत नाही. पण त्यानंतर नीळकंठरावांनी दिवसा मशीन काढलेलं कुणी पाहिलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला ते भालचंद्रांच्या घरी गेले. भालचंद्रांनी दार उघडलं, आत बोलावलं, पण बसायला सांगितलं नाही. नीळकंठराव उभ्यानेच म्हणाले, “तू भावाचं सांगितलंस, ते मला ऐकू आलं नव्हतं. मला वाटलं, नेहमीचा विनोद.”

भालचंद्रांनी त्यांच्या कानातल्या मशीनकडे पाहिलं. मग म्हणाले, “हे तेव्हाच सांगायचंस. मी एवढे दिवस तुझ्या नावाने खडे फोडत होतो.”

“बहिरा म्हणवून घ्यायची लाज वाटली.”

“आणि माझ्या भावाच्या मरणावर हसलास, ते चाललं?”

नीळकंठराव खुर्चीत बसले. भालचंद्रांनी चहा मागवला आणि भावाचं आजारपण पहिल्यापासून सांगितलं. नीळकंठरावांना त्यातले काही शब्द निसटले, तिथे त्यांनी थांबवून पुन्हा विचारलं. भालचंद्रांनी पुन्हा सांगितलं. पुढच्या आठवड्यापासून नीळकंठराव बागेत दिसू लागले.

सगळं पूर्ववत झालं असं नाही. सिंधूताईंचा तो पाय किंचित आखूड राहिला, थंडीत दुखतो. जिने त्या टाळतात. पण काठी घेऊन शालिनीबरोबर त्या रोज बाहेर पडतात आणि वाटेतल्या बाकावर बसून परत येतात. आधी पहिल्या वळणापर्यंत जायच्या, आता मंदिरापर्यंत जातात. नीळकंठराव सकाळचा चहा करतात, फोन घेतात, समोरच्याला सावकाश बोलायला सांगतात. ते सांगताना त्यांना आता संकोच वाटत नाही.

मागच्या हिवाळ्यात कल्पना दोघांना इंदूरला एका लग्नाला घेऊन गेली. कार्यालयात बँड, लाऊडस्पीकर आणि माणसांचा गलका. असल्या गोंगाटात मशीनचा काही उपयोग नव्हता. नीळकंठरावांनी यजमानांना तसं सरळ सांगितलं, दोन ताटं वाढून घेतली आणि सिंधूताईंना घेऊन ते बाहेर मांडवाच्या कडेला खुर्च्यांवर जाऊन बसले. तिथे ऊन चांगलं होतं. ओळखीचे लोक एकेक करून तिथेच येत राहिले, त्यांच्याशी बोलून आत जात राहिले, आणि दोघांची जेवणं त्यामुळे फार उशिरा संपली.